इंजिनावरचा आकडा आणि मोटारीचे वय

जुनी मोटार घेऊ पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा तिच्या वयाचा असतो, आणि हा प्रश्न वरकरणी सोपा वाटावा पण उत्तर मात्र हातातून निसटत राहावे, असे फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी इतके दुसरे वाहन क्वचितच सापडेल. १ ऑक्टोबर १९०८ रोजी विक्रीस आलेल्या या गाडीचे उत्पादन मे १९२७ मध्ये थांबले, तोवर दीड कोटी गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या होत्या. या संपूर्ण काळात तिचे नाव बदलले नाही, सुमारे २.९ लिटर क्षमतेचे आणि २० अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे इंजिन मुळात तेच राहिले आणि पुढच्या-मागच्या आसांमधले १०० इंचांचे अंतरही कायम राहिले. त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला सगळ्या मॉडेल टी सारख्याच वाटतात, तर जवळून पाहणाऱ्याला एकाच वर्षाच्या म्हणून दाखवलेल्या दोन गाड्यांमध्येही फरक दिसू लागतात. या फरकांचा अर्थ लावण्याची जी रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि तिच्या पाठोपाठ इतर देशांत रूढ झाली, तिचे मूळ हौशी संग्राहकांच्या चिकित्सेत जितके आहे तितकेच फोर्डच्या कारखान्यातील कामाच्या पद्धतीत आहे.

आज मोटारीचे ‘मॉडेल वर्ष’ ही कल्पना सर्वपरिचित आहे. उत्पादक ठरलेल्या महिन्यात नवी आवृत्ती बाजारात आणतो आणि जुनी बंद करतो. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात असा काटेकोर सांधा नव्हता. एखाद्या भागाचे नवे रेखाचित्र मंजूर झाले, तरी जुन्या भागांचा साठा फेकून न देता तो संपेपर्यंत वापरायचा, असा तेथे शिरस्ता होता. शिवाय डेट्रॉइटच्या पिकेट अॅव्हेन्यूवरील मूळ कारखान्यातून काम १९१० मध्ये हायलंड पार्क येथे हलल्यानंतर, गाड्या जोडण्याचे काम हळूहळू निरनिराळ्या शहरांतील शाखांकडे गेले. हायलंड पार्कहून रेल्वेने आलेली इंजिने आणि सुटे भाग शाखेच्या गोदामात किती दिवस पडून राहतील, हे त्या त्या शाखेच्या खपावर अवलंबून असे. १९१५ ची नवी धाटणी मुख्य कारखान्यात वर्षारंभी सुरू झाली, तरी काही शाखांमधून १९१४ च्या धाटणीच्या गाड्या आणखी काही महिने निघत राहिल्या. त्यात कंपनीचे हिशेबी वर्ष कॅलेंडरशी जुळत नसे आणि काही वर्षे ते जुलैअखेर संपत असे. परिणामी कंपनीच्या आकडेवारीत एका वर्षात मोडणारी गाडी ग्राहकाच्या लेखी दुसऱ्या वर्षाची ठरे. नासाडी टाळण्याची ही काटकसर गाडी स्वस्त करण्याच्या कामी आली, आणि १९०८ मध्ये ८५० डॉलरांना मिळणाऱ्या मॉडेलची दोन आसनी आवृत्ती १९२५ च्या सुमारास २६० डॉलरांपर्यंत उतरली. पुढील काळातल्या कालनिर्णय करणाऱ्यांना मात्र तिने चांगलेच काम लावून ठेवले.

गाडीचा क्रमांक म्हणून जो सांगितला जातो, तो वास्तविक इंजिनाचा क्रमांक असतो. मॉडेल टीच्या सांगाड्यावर, म्हणजे ज्यावर इंजिन, आस आणि वरचा साज बसवला जातो त्या पोलादी चौकटीवर, जवळजवळ संपूर्ण कारकिर्दीत कोणताही क्रमांक नव्हता. तो उमटवण्याची पद्धत अगदी शेवटच्या एक-दोन वर्षांत सुरू झाली. सुरुवातीच्या काही वर्षांत चालकासमोरच्या लाकडी फळीवर क्रमांकाची पितळी पट्टी लावलेली असे, पण पट्टी काय, दोन खिळे काढले की सुटते. इंजिनाचा क्रमांक बहुतेक काळ इंजिनाच्या डाव्या बाजूस, थंड पाणी आत येण्याच्या तोंडाच्या वर, सपाट केलेल्या छोट्या जागेवर ठशांनी ठोकलेला असे. हा ठसा हाताने, एकेक आकडा ठेवून मारला जाई, त्यामुळे खऱ्या क्रमांकातही आकडे किंचित वरखाली झालेले दिसतात. उलट त्या जागेवर कानस फिरवल्याच्या खुणा असतील किंवा आकडे संशय यावा इतके नीटनेटके असतील, तर तेथे थांबून विचार करणे श्रेयस्कर असते.

याच ठोकळ्यावर आणखी एक तारीख मिळते, आणि नवख्या मालकाचे तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. इंजिनाचा ठोकळा ओतीव लोखंडाचा असे, आणि १९१० च्या दशकातील पहिल्या काही वर्षांनंतर त्याच्या साच्यात ओतकामाची तारीखही बसवली जाऊ लागली. ठशाने ठोकलेला क्रमांक आत दबलेला असतो, तर साच्यातून आलेली तारीख पृष्ठभागावर उठून दिसते. ही तारीख अमेरिकी पद्धतीने महिना, दिवस, वर्ष या क्रमाने वाचायची असते. ‘१०-४-२१’ हे आकडे भारतीय वाचक सवयीने १० एप्रिल असे वाचेल, प्रत्यक्षात तो ठोकळा ४ ऑक्टोबर १९२१ रोजी ओतला गेलेला असतो, आणि सहा महिन्यांच्या या गफलतीत गाडीची सगळी आवृत्तीच बदलू शकते. ठोकळा ओतल्यानंतर तो यंत्रावर घासून-छिद्रे पाडून तयार होई, इंजिन जोडले जाई आणि मगच क्रमांक पडे. म्हणून क्रमांकाची तारीख ओतकामाच्या तारखेनंतर थोड्याच काळाने यावी लागते. ती आधी येत असेल, तर क्रमांक नंतर कोणीतरी घातलेला आहे, एवढे निश्चित होते.

अर्थात नंतर घातलेला क्रमांक म्हणजे लबाडीच, असे मानण्याचेही कारण नाही. तडकलेल्या इंजिनाच्या जागी बसवण्यासाठी कंपनी विक्रेत्यांना क्रमांक नसलेले कोरे ठोकळे पुरवीत असे आणि त्यावर गाडीचा जुनाच क्रमांक ठोकायचा, अशी पद्धत होती. गाडीचे उत्पादन १९२७ मध्ये थांबले तरी मॉडेल टीची इंजिने ऑगस्ट १९४१ पर्यंत बनत राहिली. ती बदली सुटे भाग म्हणून आणि शेतीच्या वा इतर कामांच्या यंत्रांसाठी विकली गेली. त्यामुळे १९१४ च्या अस्सल गाडीत १९२४ चे इंजिन असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि नोंदणीपुस्तकात इंजिनाच्या क्रमांकावरून लिहिलेले वर्ष तेवढेच खोटे असू शकते. अमेरिकेतील राज्यांनी ही गाडी इंजिनाच्या क्रमांकावर नोंदवली, आणि इंजिन बदलले की कागदोपत्री गाडीच तरुण झाली.

इंजिनावर विसंबता येत नसल्याने जाणकारांची नजर उरलेल्या गाडीकडे वळते, आणि इथेच मॉडेल टीच्या अभ्यासाची खरी रंगत आहे. १९१६ पर्यंतच्या गाड्यांचा रेडिएटर पितळी असतो, १९१७ पासून त्यावर काळ्या रंगाचे पत्र्याचे आवरण आले, बॉनेट उंच आणि रुंद झाले आणि सपाट मडगार्डांची जागा वक्र मडगार्डांनी घेतली. १९१४ पर्यंत पुढचे मोठे दिवे अॅसिटिलीन वायूवर जळत. पायरीवर बसवलेल्या पितळी डब्यात कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडून हा वायू तयार होई आणि रबरी नळीने दिव्यांपर्यंत जाई. महाराष्ट्रात एकेकाळी जत्रेतल्या दुकानांवर जळणारी कार्बाइडची बत्तीही याच रासायनिक क्रियेवर चाले. १९१५ च्या धाटणीत पुढचे दिवे विजेवर आले. पण ही वीज फ्लायव्हीलमध्येच बसवलेल्या मॅग्नेटोतून, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या लोहचुंबकांच्या जनित्रातून, मिळत असल्याने गाडी हळू झाली की दिवे मंदावत. रात्री खराब रस्त्यावर वेग कमी करावा लागे तेव्हाच उजेड कमी होई, ही व्यवस्था कोणाला कशी सुचली असेल याचे नवल वाटते, पण ती बराच काळ टिकली. विजेवर चालणारे स्टार्टर १९१९ मध्ये आले. ते बंद गाड्यांत प्रमाणित असत आणि उघड्या गाड्यांत जादा पैसे देऊन मिळत, म्हणून १९१९ नंतरच्या उघड्या गाडीत स्टार्टर नसणे हा तिच्या अस्सलपणाविरुद्धचा पुरावा ठरत नाही.

याहून सूक्ष्म खुणा बॉनेट उघडल्यावर दिसतात. १९११ च्या सुमारापर्यंतच्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या कांड्या आणि स्प्रिंगा बाहेरून उघड्या दिसत, त्यानंतर त्यांवर पत्र्याची झाकणे आली. अगदी पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांत पाणी खेळवण्यासाठी पंप होता, पुढे तो काढून टाकण्यात आला आणि गरम पाणी हलके होऊन वर जाते व थंड पाणी खाली उतरते या तत्त्वावरच काम भागवले गेले. बॉनेटच्या मागची आडवी भिंत १९२२ च्या सुमारापर्यंत लाकडी असे, नंतर ती पोलादी झाली. अमेरिकेत बनलेल्या उघड्या गाड्यांत १९१२ पासून १९२५ पर्यंत पुढच्या डाव्या बाजूला दाराची केवळ उमटवलेली आकृती असते, दार मात्र नसते. चालकाने उजव्या बाजूने चढून सरकत आपल्या जागी जायचे, अशी अपेक्षा होती. काळा रंग तर या गाडीचे प्रतीकच होऊन बसला आहे, पण १९०८ ते १९१३ या काळात लाल, राखाडी, हिरव्या आणि गडद निळ्या गाड्या निघत होत्या, केवळ काळ्या गाड्यांचा काळ १९१४ ते १९२५ एवढाच आहे आणि १९२६ च्या धाटणीबरोबर रंग पुन्हा परतले. काळी १९१२ ची मॉडेल टी पाहून जाणकार म्हणूनच भुवई उंचावतो.

या सर्व खुणा एकाच वर्षाकडे बोट दाखवीत असतील, असा योग फार थोड्या गाड्यांच्या नशिबी येतो. त्याचे कारण गाड्यांच्या आयुष्यात आहे. भाग एकमेकांत अदलाबदल करता येणे हे मॉडेल टीचे मोठे वैशिष्ट्य होते. १९१३ मध्ये हायलंड पार्क येथे सुरू झालेल्या सरकत्या जोडणी-साखळीमुळे सांगाडा जोडण्यास लागणारा वेळ बारा तासांहून अधिक होता तो पुढल्या वर्षापर्यंत ९३ मिनिटांवर आला, आणि ही साखळी चालण्याची पूर्वअटच अशी होती की कोणताही भाग कोणत्याही गाडीत कानस न लावता बसला पाहिजे. जी सोय साखळीवरच्या कामगाराला होती तीच शेतकऱ्याला आणि गावच्या फिटरलाही मिळाली. मोडलेल्या दोन गाड्यांतून चालणारी एक उभी करणे, मागचा भाग कापून मालवाहू फळ्यांचा खटारा बनवणे, मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढवून लाकूड कापण्याचा करवत चालवणे, हे सगळे अमेरिकेच्या ग्रामीण भागात सर्रास झाले. दुसऱ्या महायुद्धातील भंगारगोळा मोहिमांतून जे वाचले, त्यातल्या अनेक गाड्या मुळात तीन-चार गाड्यांचे भाग घेऊन जगत होत्या.

जुन्या गाड्या जपण्याचा आणि त्यांची तारीख ठरवण्याचा संघटित उद्योग ब्रिटनमध्ये सुरू झाला. तेथे १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारींवरील जाचक वेगमर्यादा शिथिल झाल्याच्या आनंदात लंडनहून ब्रायटनला गाड्यांची मिरवणूक गेली होती. १९२७ पासून तिची आठवण म्हणून जुन्या गाड्यांची फेरी निघू लागली आणि १९३० मध्ये व्हेटरन कार क्लब स्थापन झाला. या फेरीत १९०५ पूर्वीच्याच गाड्यांना प्रवेश असल्याने प्रत्येक गाडीच्या जन्मवर्षाचा निवाडा करण्याची गरज निर्माण झाली आणि त्यासाठी तज्ज्ञांच्या मंडळाने गाडी तपासण्याची प्रथा पडली. तेथेही अडचण तीच होती, कारण फ्रान्सच्या द दिओं-बुतों कंपनीची एक सिलिंडरची इंजिने अनेक उत्पादकांनी विकत घेऊन आपापल्या गाड्यांत बसवली होती, आणि एकट्या इंजिनावरून गाडीचे नाव सांगणेही धोक्याचे होते. अमेरिकेत अँटिक ऑटोमोबाइल क्लब १९३५ मध्ये आणि हॉर्सलेस कॅरेज क्लब १९३७ मध्ये उभा राहिला. यांपैकी दुसऱ्याने १९१५ अखेरपर्यंतच्या गाड्या हेच आपले क्षेत्र मानले. केवळ मॉडेल टीला वाहिलेल्या संस्था १९५० आणि १९६० च्या दशकांत निघाल्या, आणि ब्रूस मॅकॅली यांनी कारखान्याच्या नोंदी चाळून १९९४ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथामुळे खुणांच्या या अभ्यासाला पक्का आधार मिळाला.

तारखेची मर्यादा ठरली की तिच्या अलीकडे-पलीकडे हातचलाखीही सुरू होते. १९१६ ची मॉडेल टी पितळी रेडिएटरची असूनही हॉर्सलेस कॅरेज क्लबच्या फेऱ्यांत बसत नाही, म्हणून ती एका वर्षाने म्हातारी दाखवण्याचा मोह होतो. १९१७ नंतरच्या गाडीला नव्याने बनवलेला पितळी रेडिएटर, वायूचे दिवे आणि सपाट मडगार्ड चढवून ती १९१४ ची म्हणून उभी करता येते, कारण मॉडेल टीचे बहुतेक सगळे भाग, लाकडी सांगाड्यासह संपूर्ण बॉडीपर्यंत, आजही नव्याने बनवून विकले जातात. अशा गाडीचे पितळ उघडे पडते ते बहुधा खालून. १९१५ पासून मागच्या आसाचे कवच घंटेसारख्या निमुळत्या आकाराचे झाले, आणि वरच्या साजावर बराच पैसा खर्च करणाराही जमिनीवर झोपून पाहिल्याशिवाय न दिसणारा आस बदलण्याचे कष्ट फारसे घेत नाही.

भारतात सापडणाऱ्या मॉडेल टीच्या बाबतीत आणखी एक पायरी वाढते. ब्रिटन वगळता ब्रिटिश साम्राज्यातील देशांना गाड्या पुरवण्याचा हक्क १९०४ मध्ये स्थापन झालेल्या फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होता. ऑन्टॅरिओतील वॉकरव्हिल येथे तिचा कारखाना होता आणि साम्राज्यांतर्गत जकातीच्या सवलतीमुळे गाड्या तेथून पाठवणे फायद्याचे ठरे. पुढे १९२६ मध्ये मुंबईत स्थापन झालेली फोर्डची भारतीय कंपनीही या कॅनडातील कंपनीचीच उपकंपनी होती. म्हणून भारतातील गाडी अमेरिकी यादीशी ताडून पाहिली, तर ती नकली असल्याचा भ्रम होऊ शकतो. कॅनडातील इंजिनांची क्रमांकमालिका स्वतंत्र होती आणि क्रमांकाआधी ‘सी’ हे रोमन अक्षर असे, भारतात आलेल्या गाड्यांचे सुकाणू उजवीकडे असे, आणि कॅनडात डाव्या व उजव्या अशा दोन्ही सुकाणूंच्या गाड्या बनत असल्याने पुढची दोन्ही दारे उघडणारी असत. अमेरिकी पुस्तकात नसलेले दार पाहून ते नंतर कोणा सुताराने बसवले असावे, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे ठरते. कायद्याच्या बाजूने पाहता, जुलै २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ या अक्षरांची स्वतंत्र नोंदणीमालिका सुरू केली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठेवले, आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट घातली. मॉडेल टीच्या संदर्भात ही अट कशी लावायची, हा प्रश्न नियमाच्या कागदावर दिसतो त्याहून बराच अवघड आहे.

गाडीची ओळख पटली, ती घरी आली, तरी ती चालवता येईल असे मात्र नाही, कारण मॉडेल टीची नियंत्रणे आजच्या कोणत्याही चालकाच्या सवयीला जुमानत नाहीत. पायाशी तीन पेडले असतात, पण त्यांत अॅक्सिलरेटर नसतो. डावे पूर्ण दाबल्यावर गाडी पहिल्या वेगात जाते, अर्धे दाबल्यावर मोकळी राहते आणि सोडून दिल्यावर मोठ्या वेगात जाते. मधल्या पेडलाने गाडी मागे येते, आणि उजव्याने थांबते. इंधनाचा पुरवठा सुकाणूच्या दांड्यावरील उजव्या लहान कळीने, तर ठिणगी पडण्याची वेळ डाव्या कळीने मागेपुढे करायची असते. हँडल मारण्यापूर्वी ठिणगी उशिरा पडेल अशी कळ वर ठेवली नाही, तर इंजिन उलटा झटका देते, आणि या झटक्याने मनगटे मोडल्याच्या घटना त्या काळी इतक्या झाल्या की अंगठा हँडलच्या दुसऱ्या बाजूला न घेता बोटांच्याच बाजूला ठेवून डाव्या हाताने ते वर ओढावे, हा नियम रूढ झाला. थंडीत घट्ट झालेले तेल क्लचच्या चकत्या धरून ठेवते, म्हणून मोकळी ठेवलेली गाडीही सुरू होताच हँडल मारणाऱ्याच्या अंगावर सरकू पाहते. यावर उपाय म्हणून मागचे एक चाक जॅकवर उचलून ठेवण्याची पद्धत होती. इंधनाची टाकी आसनाखाली असे, त्यातील पातळी काठी बुडवून पाहायची, आणि पंप नसल्याने चढावर इंधन इंजिनापर्यंत पोचेनासे झाले की गाडी उलटी वळवून मागच्या वेगात चढवायची. तेलाची पातळी पाहण्यासाठी इंजिनाखालच्या दोन लहान तोट्या उघडाव्या लागत. वरच्या तोटीतून तेल आले तर ते पुरेसे, खालच्या तोटीतूनही आले नाही तर इंजिन चालवू नये.

नव्या मालकाने पहिला खर्च कुठे करावा, याबाबत जाणकारांत क्वचितच मतभेद असतात, आणि तो खर्च दिसण्यावरचा नसतो. मागच्या आसात दातेरी चक्रांचा बाजूचा रेटा झेलणाऱ्या चकत्या कारखान्यात बॅबिट या मऊ मिश्रधातूच्या बसवल्या जात. शंभर वर्षांत हा धातू भुसभुशीत होऊन त्याचे तुकडे पडतात. त्या चकत्या फुटल्या की चक्रांचे दाते एकमेकांतून सुटतात, आणि मॉडेल टीचा पायाने दाबायचा ब्रेक चाकांवर नव्हे, इंजिनालगतच्या गिअरपेटीत असल्याने त्याच क्षणी ब्रेकही निकामी होतो. मग उरतो तो हाताच्या दांड्याचा, मागच्या चाकांवरचा, बेताचाच ब्रेक. म्हणून गाडी १९१२ ची आहे की १९२२ ची हा वाद चालू असतानाच मागचा आस उघडून, आत कितीही चांगल्या दिसल्या तरी बॅबिटच्या चकत्या काढून काशाच्या बसवल्या जातात, आणि तोवर गाडी उतारावर नेली जात नाही.